सातव्या शनिवारचं तेल

भीक मागणाऱ्या मुलांची मला कीव येत नाही. राग येतो, आणि रागाहून जास्त तुच्छता वाटते. असं लिहिणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. कॉलेजात या विषयावर निबंध लिहायचा झाला तर मीही समाज, शिक्षण, जबाबदारी असे शब्द वापरीन आणि बरे गुण मिळवीन. पण इथे गुण द्यायला कोणी नाही, म्हणून जसं वाटतं तसं लिहून बघते.

आमचं घर सुरतेबाहेर कोसाडच्या सरकारी आवासात, चौथ्या मजल्यावर. वडील धुळ्याकडून सुरतेला आले तेव्हापासून लूमवर आहेत. आई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. घरात मी तिला माय म्हणते, कॉलेजात तिच्याबद्दल बोलताना मम्मी, आणि लिहिताना आई. सहा-सात वर्षांची असल्यापासून मी तिच्या शेजारी बसून तेच काम करत आले. शाळेतून आलं की दप्तर भिंतीला टेकवायचं आणि साडी मांडीवर घ्यायची. गोंदाचा थेंब, त्यावर खडा, बोटाने दाब, पुढचा थेंब. परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा. झोपण्याआधी बोटांवरचा वाळलेला गोंद सोलून काढायचा. आधार कार्डाच्या वेळी माझे ठसे मशीनवर उमटेनात. मशीनवाला म्हणाला, "हात धुवून ये." मी तीनदा धुवून आले.

त्यामुळे चौकात आठ-नऊ वर्षांचं धडधाकट पोर हात पसरताना दिसलं की माझ्या मनात पहिला विचार येतो तो हाच, की याला हात आहेत की. दुसरा विचार त्यांच्या आवाजाचा. मागायचा आवाज वेगळा असतो. तो नाकातून येतो, त्याच्याबरोबर मान एका खांद्यावर पडते, डोळे अर्धे मिटतात. आपण नाही म्हटलं की दोन पावलांवर जाऊन तेच पोर आपल्या जोडीदाराला खणखणीत शिवी हासडतं. कोणी मुलगा-मुलगी बरोबर दिसले की "जोडी सलामत रहे". माझ्या मैत्रिणीचा सख्खा भाऊ तिला न्यायला आला होता, त्यांनाही हाच आशीर्वाद मिळाला. कामात एवढा निष्काळजीपणा आम्ही केला असता तर शेठने साड्या परत पाठवल्या असत्या.

कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर, चौकाला लागूनच कोल्ड कोकोचं एक दुकान आहे. सुरतेत कोको म्हणजे दुधात शिजवून घट्ट केलेलं, दातांना झिणझिण्या आणणारं गार चॉकलेट. ते पितात कमी, चमच्याने खातात जास्त. दर बुधवारी शेवटच्या तासानंतर मी आणि माझी एक गुजराती मैत्रीण तिथे जातो. सुट्टीत चिकटवलेल्या खड्यांच्या पैशांतून मी स्वतःसाठी जे ठेवते ते बहुतेक तिथेच जातं. काचेजवळच्या टेबलावर बसायचं, वरून पंख्याचा वारा, बाहेर ऊन, आणि समोर तो जाड काचेचा ग्लास. मी पहिला चमचा जिभेवर ठेवून गिळत नाही, विरघळू देते. त्या अर्ध्या तासात मला घरची आठवण येत नाही. हे कबूल करायला थोडी लाज वाटते, पण येत नाही हे खरं.

आणि नेमक्या त्याच अर्ध्या तासात काचेच्या पलीकडे ती पोरगी येऊन उभी राहायची. नऊ-दहा वर्षांची असेल. केस तांबूस, अंगात मोठ्या मापाचा शर्ट. काचेला तळहात लावून आत बघायची, आणि तिच्या तळव्याचा मळकट ठसा माझ्या ग्लासाच्या बरोबर मागे दिसायचा. तोंडातलं चॉकलेट तेच असायचं, पण चव कमी व्हायची. मला वाटायचं, हिने माझा अर्धा तास घाण केला.

माझी मैत्रीण ग्लासाच्या तळाशी दोन बोटं कोको ठेवून द्यायची आणि निघताना तिच्या हातात ग्लास ठेवायची. मग रस्ताभर खूश. मी म्हणायचे, "अशाने त्यांना सवय लागते." ती म्हणायची, "जवा दे ने, बिचारी छे." जाऊ दे ना, बिचारी आहे. स्वतःचं उष्टं देऊन एवढं समाधान मिळवणाऱ्या माणसांबद्दलही मला फारसा आदर नाही. पण ते मी तिला कधी बोलले नाही. तिच्या गाडीवर मागे बसून मला बसस्टॉपपर्यंत जायचं असतं.

एका बुधवारी त्या पोरीने बाहेर पडताना माझी बाही धरली. हात चिकट होता. माझ्याकडे बरे म्हणावे असे दोनच कुर्ते आहेत, त्यातला तो एक. मी हात झटकला आणि म्हणाले, "हाथ मत लगा. कहीं जा के काम कर."

ती दूर झाली नाही. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मागायचा आवाज सोडून तिच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "आप क्या काम करती हो दीदी?"

"पढती हूँ."

"पढना काम है?"

माझी मैत्रीण हसली. मला सांगायचं होतं, की तुझ्या वयात मी एका बैठकीत अख्खी साडी संपवायचे. पण मैत्रिणीला ते माहीत नव्हतं. तिला मी सांगितलं होतं, की पप्पा टेक्सटाइलमध्ये आहेत. ते खोटं नाही, पण खरंही नाही. त्यामुळे मी गप्प बसले, आणि त्या पोरीला वाटलं असणार की तिने मला गप्प केलं.

त्या सत्रात मी स्टॅटिस्टिक्समध्ये नापास झाले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिलीच, त्यामुळे एटीकेटी म्हणजे काय हे समजावून सांगायलाही घरात कोणी नव्हतं. वडिलांनी एवढंच विचारलं, "म्हणजे नापास ना?" मग शांतपणे म्हणाले, की पुढच्या वेळी विषय सुटला तर ठीक, नाहीतर कॉलेज बंद. ते चिडून बोलले असते तर मी रडले असते. ते जेवता जेवता बोलले, म्हणून मला जास्त भीती वाटली. आई मध्ये पडली. म्हणाली, "पोर पास व्हई जाई. मी दखस काय करानं ते." पोरगी पास होईल, काय करायचं ते मी बघते.

तिने गावी मोठ्या मावशीला फोन लावला, आणि माझी साडेसाती ठरली. सात शनिवार तेल. सकाळी अंघोळ करून पसरट वाटीतल्या तेलात मी माझा चेहरा बघायचा, तेल बाटलीत भरायचं, आणि रस्त्यावर शनिमहाराजांच्या नावाने डबा घेऊन फिरणाऱ्याच्या डब्यात स्वतःच्या हाताने ओतायचं. चेहरा पाहिलेलं तेल घरात परत आणायचं नाही. बाटलीही नाही. त्यासाठी आईने केसांच्या तेलाच्या सात रिकाम्या बाटल्या शेजारपाजारून जमवल्या. तेल द्यायचं ते तापीच्या पलीकडे, म्हणजे पीडा नदी ओलांडून या काठाला येत नाही. आणि मावशीची शेवटची अट: "पयला शनवार जेना डबामा पडी, सातवा बी तेनाच डबामा पडाले पाह्यजे." ज्याच्या डब्यात पहिला शनिवार, त्याच्याच डब्यात सातवा.

मी हे मानते का? नक्की सांगता येत नाही. स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्या मुलीने मानू नये. पण आई या सात बाटल्यांच्या जोरावर वडिलांसमोर उभी राहिली होती, एवढं मला दिसत होतं. ते तेल तिच्यासाठी माझ्या फीइतकंच खरं होतं.

पहिल्या शनिवारी मला उशीर झाला होता. सिटी बसमधून कॉलेजच्या चौकात उतरले, समोर पहिला जो डबा दिसला त्यात तेल ओतलं. डब्यात शनिमहाराजांचा लोखंडी पत्रा, झेंडूची दोन फुलं, काळपट तेल. मी डब्याकडे बघत होते. तो धरणाऱ्या हातांच्या वर मी पाहिलंच नाही. भिकाऱ्यांच्या तोंडाकडे बघायची मला सवयच नाही.

आईचा फोन आला, दिलं का विचारायला. "दिधं का?"

"दिधं."

दुसऱ्या शनिवारी तोच डबा शोधताना मी पहिल्यांदा मान वर केली. कपाळाला शेंदूर, गळ्यात काळं फडकं, आणि खाली तीच कोकोवाली पोरगी. तिने मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"आओ, पढाई वाली दीदी," ती म्हणाली.

सुरतेत शनिवारी डबे घेऊन फिरणारी एवढी माणसं असताना मला हीच सापडावी. पण मावशीची अट होती, आणि सातव्याला हीच लागणार तर हिला डोळ्याआड करून चालणार नव्हतं. आईला फोनवर एवढंच सांगितलं, की डबा एका पोरीचा आहे. तिसरा, चौथा, पाचवा शनिवार तसाच गेला. ती मुद्दाम डबा खाली धरायची, गुडघ्याजवळ, म्हणजे मला वाकावं लागायचं. एकदा विचारलं, "आज देर से?" जसं काही मी तिच्याकडे कामाला होते. सात शनिवारवाले तिला रोजचेच, माझे किती झाले हेही ती मोजायची. दुभाजकाच्या टोकाला एक बाई बसलेली असायची, ती मुलांचे डबे एका कॅनमध्ये रिकामे करून घ्यायची. माझा चेहरा, माझी पीडा, आईचा शनिवारचा उपास, सगळं त्या कॅनमध्ये. ते तेल पुढे कोण कशात तळत असेल या विचाराने मी रस्त्यावरची भजी खाणं सोडलं.

सहाव्या शनिवारनंतरच्या बुधवारी मैत्रिणीबरोबर तिच्या दोन मामेबहिणीही कोको प्यायला आल्या होत्या. गोऱ्या, सुगंधी, इंग्रजी माध्यमाच्या. मी जपून बोलत होते. आम्ही आत बसलेल्या असतानाच ती पोरगी दार ढकलून सरळ माझ्याजवळ आली आणि ओळखीच्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "दीदी, शनिवार को आओगी ना? लास्ट है."

तिघी माझ्याकडे बघू लागल्या. एक म्हणाली, "तने ओळखे छे?" ही तुला ओळखते?

मी म्हणाले, "ना." आणि वेटरला हाक मारली, "भैया, इसको बाहर करो ना."

त्याने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. ओढताना तिची चप्पल दारातच राहिली, ती त्याने पायाने बाहेर ढकलली. मी माझा कोको संपवला. खरं सांगायचं तर तो त्या दिवशी चांगला लागला. पोरीला तिची जागा दाखवली असं वाटलं, आणि त्या वाटण्यात गारवा होता.

सातव्या शनिवारी मी बाटली घेऊन चौकात उतरले. सोमवारी पेपर होता. ती नेहमीच्या जागी होती. मी वाकले, आणि तिने डब्यावर तळहात ठेवला.

"आपका तेल नहीं चाहिए."

मला आधी कळलंच नाही. भिकाऱ्याने नको म्हणणं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"क्यों?"

"आप तो मुझे पहचानती नहीं."

मी घड्याळ बघितलं. म्हणाले, "नाटक मत कर. हाथ हटा."

"पहले कोको पिलाओ."

"ठीक है, ला के देती हूँ."

"ला के नहीं. अंदर. कुर्सी पे."

कोकोचं दुकान नुकतंच उघडलं होतं. काचेजवळच्या आमच्या टेबलावर माझी मैत्रीण पेपरच्या नोट्स पसरून माझी वाट बघत बसली होती. मला चौकातून तिच्या पिवळ्या ओढणीचा शेव दिसत होता. पन्नास पावलं असतील. मी त्या पोरीला बरोबर घेऊन चालत गेले असते, खुर्ची ओढली असती, वेटरला दोन कोको सांगितले असते, तर काय झालं असतं? मैत्रीण कदाचित हसलीही नसती. तिला उलट कौतुक वाटलं असतं, ती कौतुक करणाऱ्यांपैकीच आहे. पण या पोरीने ते मला करायला लावलं, हे मला कायम माहीत राहिलं असतं. आणि तिलाही.

"अंदर नहीं," मी म्हणाले.

"तो फिर नहीं." तिने डबा उचलला, सिग्नलला थांबलेल्या एका मोटारीकडे गेली आणि मान खांद्यावर टाकून नाकातून सुरू झाली, "शनिमहाराज भला करे…" त्या काचेआडच्या माणसाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी तिला द्यायला उभी होते, आणि ती त्याच्याकडे मागत होती.

दुसरा एक डबा लगेच माझ्यापुढे आला. मी त्यात ओतू शकले असते. पण पहिला शनिवार ज्याच्या डब्यात. मानत नाही म्हणणाऱ्या मला ती अट मोडवेना. बाटली मी दुभाजकाच्या कडेला उभी करून ठेवली, झाकण घट्ट लावून. मग मैत्रिणीकडे जाऊन बसले. फोन वाजला.

"दिधं का?"

"दिधं."

"तिलेच?"

"तिलेच," मी म्हणाले.

आईला मी त्याआधी कधी खोटं बोलले नव्हते असं नाही. पण या बाबतीत नाही.

विषय सुटला. काठावर नाही, चांगल्या गुणांनी. त्या सत्रात मी रोज पहाटे उठून गणितं सोडवली होती, पण घरात त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. वडिलांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, "मग चालू ठेव." आईने माझ्यावरून हात ओवाळून कानशिलाशी बोटं मोडली, मावशीला फोन लावला, आणि मावशीने आणखी एक गोष्ट सांगितली, जी ती आधी सांगायची विसरली होती. ज्याने तेल घेतलं त्याला जेवण आणि नवीन कपडा द्यायचा. त्याशिवाय सात शनिवार पूर्ण होत नाहीत.

"माय, ती आता तिथे नसते," मी म्हणाले.

"आपन दखूत."

"एवढ्या गर्दीत कुठे सापडणार?"

"तू सात येळा सापडाई ना तिले?" आई म्हणाली. सात वेळा शोधलंस ना तिला?

आईने पुरणपोळ्या केल्या. खापर असतं तर मांडे केले असते, असं दोनदा म्हणाली. शेजारणीच्या मुलीच्या मापाने एक फ्रॉक घेतला आणि दोन संध्याकाळी बसून त्याच्या गळ्याभोवती खडे चिकटवले. शेठच्या साडीवर चिकटवते त्याहून बारकाईने. मी शेजारी बसून गोंद पुढे करत होते आणि विचार करत होते, की ती पोरगी एक वाक्य बोलेल आणि संपेल. आईला राग आला असता तर मी सोसला असता. पण आई रागावली नसती, घाबरली असती. यापुढे माझा ताप, वडिलांची लूमवरची बुडालेली पाळी, घरातली प्रत्येक वाईट गोष्ट तिने त्या एका न दिलेल्या तेलाला जोडली असती, आणि माझ्या कोणत्याच "दिधं"वर पुन्हा विश्वास ठेवला नसता.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी बसने तापी ओलांडून गेलो. आई एसी बसमध्ये पहिल्यांदाच बसली होती, पदर घट्ट ओढून, डबा मांडीवर धरून. चौकात उतरलो, आणि ती पोरगी होती. अर्थातच होती. त्यांना दुसरं काम काय असतं.

आई तिच्यासमोर गेली आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "बेटा, मेरी पोरगी का तेल तूच ली ना? सात शनिवार?"

पोरीने आधी आईच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. घाईत नाही. मी काही खूण केली नाही, हात जोडले नाहीत. पण माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत आहे, कारण तेच मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर बघत आले होते आणि त्याचा तिटकारा करत आले होते.

"हाँ माँजी," ती म्हणाली. "सातों."

आईने हुश्श केलं. डबा दिला, फ्रॉक दिला. पोरीने फ्रॉक उलगडूनही पाहिला नाही, खडे तर नाहीच; पिशवीत कोंबला. मग आई खाली वाकली आणि भर चौकात त्या पोरीच्या पायांना हात लावून नमस्कार केला. त्या दिवसापुरती ती शनिमहाराजांच्या जागी होती, असं आमच्याकडे मानतात. उभी राहून आई मला म्हणाली, "तू बी पाया पड व."

सिग्नल लाल होता. गाड्या थांबलेल्या होत्या. मी वाकले. पायांवर धूळ आणि तेलाचे सुकलेले थर होते, एका अंगठ्याचं नख काळं पडलेलं. तिचा हात माझ्या डोक्यावर आला, चिकट, आणि मी तो झटकला नाही. वरून आवाज आला, नाकातला, मागायचा: "खूब पढो, दीदी." तो तिने माझ्यासाठी मुद्दाम काढला होता.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीबाहेर नदी बघत होती. मग म्हणाली, "ती पोर तुनाकडे दखीसन हासत का व्हती?" तुझ्याकडे बघून हसत का होती.

"भिकारी आहे, माय," मी म्हणाले. "त्यांच्याकडे काय लक्ष द्यायचं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मांडीवरची रिकामी पिशवी घेऊन तिची घडी घालू लागले, लहान, आणखी लहान, आणि आमचा थांबा येईपर्यंत घालत राहिले.